पायांवरची झोप

रविवार, १४ जानेवारी १९६२. आखन, जर्मनी.

संक्रांत. चारू पायांवर झोपली आहे, म्हणून ही वही. जमिनीवर बसायचं, पाय पसरायचे, त्यांवर उशी, उशीवर ती, आणि पावलं डावी-उजवी हलवत राहायचं. थांबलं की डोळे टक्क उघडे. पाय अडकलेले, हात मोकळे. लग्नानंतर सुटलेली रोजनिशी पोरीमुळे परत हाती आली म्हणायची.

पाच महिन्यांची झाली, पण एकदाही गादीवर आपली आपण झोपलेली नाही. बाळंतपणाला आई येऊ शकली नाही. तिने पुण्याहून पत्रातूनच सगळं शिकवलं. तेल कसं लावायचं, शेक कसा द्यायचा, धुरी कशी. (धुरी राहिली. घरमालकीण आगीचा बंब बोलावेल.) आणि रडायला लागली की पायांवर घे. मी अक्षर न् अक्षर पाळलं. मलाही आईने असंच वाढवलं, मी काही बिघडले नाही असं आपलं मला वाटतं.

बोरन्हाण केलं. इथे बोरं कुठली. मनुका आणि साखरेचे चौकोनी खडे. आईने पाठवलेला हलवा बोटीत दमट होऊन त्याचा एकच गोळा झालाय. ह्यांनी डोक्यावरून मनुका ओतल्या, चारू खुदकन हसली. आवाज ऐकून खालून घरमालकीण फ्राऊ होल्त्स वर आली. जमिनीवरचा सडा बघून म्हणाली, "मुलीला अंघोळ घालताय की केक करताय?"

बुधवार, १७ जाने.

ह्यांच्या प्रोफेसरांनी आज विचारलं, दुपारचे तुम्ही असता कुठे? हे काय सांगणार, मुलीला पायांवर घेऊन बसतो म्हणून? सकाळी मी घरी, दुपारी हे. ऐकायला व्यवस्था छान आहे. पण ह्यांना प्रयोगशाळेतलं मशीन मिळतं ते दुपारी, आणि माझ्या काचेच्या भट्ट्या तापतात सकाळी. दोघांचीही डॉक्टरेट अशी लोंबकळत.

ह्यांचे पाय लांब, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा गाढ झोप लागते असा ह्यांचा दावा. परवा घरी आले तर हे भिंतीला टेकून घोरताहेत, चारू झोपलेली, आणि ह्यांची पावलं तेवढी हलताहेत. आधी हसू आलं. मग चहा टाकताना रडू आलं. असं किती दिवस चालणार?

शनिवार, २० जाने.

क्रिप्पे बघून आले. कामावर जाणाऱ्या आया तान्ही मुलं तिथे सोडून जातात. चर्चची आहे, ट्रामने जवळच. श्वेस्टर आग्नेस म्हणून सिस्टर आहेत, पांढरी टोपी, लाल हात, बोलणं तोलूनमापून. एप्रिलमध्ये एक जागा होतेय.

"झोपते कशी?" पहिलाच प्रश्न.

मी शब्दांत सांगू शकले नाही. शेवटी कोट काढला आणि त्यांच्या त्या लखलखीत लिनोलियमवर बसून पाय पसरून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, एवढं खरं. नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. पण आम्ही दोघीच आहोत, आणि बाळं ही एवढी. इतके पाय कुठून आणू?"

मग झोपायची खोली दाखवली. पडदे ओढलेले, पांढऱ्या पलंगांची रांग. जेवण झालं की सगळ्यांना आत ठेवतात, दार लोटतात, झालं. उशी नाही, झुलवणं नाही, कुणी जवळ नाही. काही झोपलेली, काही नुसतीच छताकडे बघत पडलेली. इतकी बाळं आणि इतकी शांतता. मला ते कौतुकाचंही वाटलं आणि अंगावर काटाही आला.

अट एकच. दुपारी पलंगावर ठेवलं की आपली आपण झोपली पाहिजे. एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून थोडे दिवस प्रोबे, म्हणजे बघणार. जमलं तर जागा आपली.

मंगळवार, २३ जाने.

कुमुदताई आल्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, त्यांच्या यजमानांचं इथलं शिक्षण संपलं. ईस्टर झाला की जेनोआहून बोटीने कायमच्या परत. चारूला मांडीवर घेऊन सहज म्हणाल्या, "वसुधा, हिला नेऊ का गं मी? तुझ्या आईकडे सुखरूप पोचवते. दोन वर्षांत तुम्ही दोघं डॉक्टर होऊन या."

हे लगेच काही बोलले नाहीत. तेव्हाच कळलं की ह्यांच्या मनात ते आधीपासून आहे.

त्या गेल्यावर बोलणं झालं. आईनेही गेल्या पत्रात लिहिलंच होतं, तुमचं होईपर्यंत पाठव, मी आहे. म्युनिकच्या देशपांड्यांनी त्यांचा मुलगा पाठवलाय, बर्लिनच्या त्या जोडप्यानेही. म्हणजे रीतच पडल्यासारखी आहे.

हे : "अगं, मी आजोळीच वाढलो. काय वाईट झालं माझं?"

मी : "ते तुमच्या आईंना विचारायला हवं."

ह्यांना जरा लागलं असावं. पण बोलले ते सरळ बोलले. क्रिप्पेने घेतली तर ती इथेच राहील. नाही घेतली तर कुमुदताईंबरोबर. दोघांपैकी एकानेही शिक्षण सोडायचं नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सोडायची वेळ आली तर कुणी सोडायचं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

म्हणजे आता सगळं हिच्या दुपारच्या झोपेवर.

रविवार, २८ जाने.

फ्राऊ होल्त्सची पद्धत करून पाहिली. तिचं म्हणणं, पोट भरलेलं, लंगोट कोरडा, मग पलंगावर ठेवा, दार लावा, आणि रडली तर रडू द्या. "फुफ्फुसं मजबूत होतात."

जेवणानंतर ठेवली. दार लावलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. हे बश्या पुसत होते, एकच बशी पुसत होते. फ्रा. हो. मोजे विणत बसली, तिच्या सुया अगदी एका लयीत. आधी चारू नुसती कुरकुरली, मग हाक मारल्यासारखं रडली, मग ते रडणं वेगळंच झालं. मी उठले की फ्रा. हो. म्हणे, "नाइन. आता गेलात तर तिला कळेल की रडलं की येतात."

मी म्हटलं, ते कळायलाच हवं ना तिला.

गेले आणि उचलली. गाल तापलेले, केस घामाने चिकटलेले. पायांवर घेतल्या घेतल्या झोपली, पण झोपेतही हुंदके चालूच. मीही बसल्या बसल्या रडून घेतलं. फ्रा. हो. दारात उभी होती. रागावली नाही. म्हणाली, "आमच्या वेळी असंच सांगायचे आम्हाला." आणि खाली गेली.

असं पुन्हा करणार नाही. जागा गेली तरी.

गुरुवार, १ फेब्रु.

आज भट्टीपाशी सुचलं. गरम काच एकदम बाहेर काढली की तडकते. हळूहळू निववावी लागते, थोडं उतरवायचं, तिथे थांबायचं, मग आणखी थोडं. रोज हेच तर करते मी, आणि घरी मात्र एकदम दार लावून मोकळी!

आल्झो, म्हणजे तर मग, असं ठरवलं. आधी पायांवरच, पण हलवणं कमी करायचं. मग नुसतं पायांवर, न हलवता. मग गादीवर, पण हात अंगावर. मग हात नाही, नुसतं जवळ बसायचं. मग दाराशी. मग दाराबाहेर. रडली तर एक पायरी मागे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या थीसिसपेक्षा हा आराखडा चांगला आहे."

मंगळवार, ६ फेब्रु.

पावलं हळू केली. चारूने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की मशीन बिघडलंय, कुणी बघतंय की नाही. मग पुटपुटत झोपली.

सोमवार, १२ फेब्रु.

भांडण. फ्रा. हो. शी.

माझी भट्टी अडली म्हणून सकाळीच जावं लागलं, हे घरी. ह्यांनाही कुणाचा तरी फोन आला, तो घ्यायला हे खाली गेले, तेवढ्यात फ्रा. हो. ने चारूला दुपट्यात गुंडाळून बाबागाडीत घातलं आणि गाडी मागच्या बागेत. बाहेर बर्फ! मी आले तर बागेत गाडी, गाडीत माझी मुलगी, नाकाचा शेंडा लाल. मी काय काय बोलले ते जर्मनमध्ये नव्हतं, एवढं बरं झालं.

"इथे सगळ्यांची मुलं अशीच झोपतात. हवा लागते त्यांना," ती शांतपणे. "हात लावून बघा."

हात घातला तर मान ऊबदार. आणि झोपली होती. कुणाचे पाय नाहीत, कुणाचा हात नाही, झाडावरचा कावळा ओरडतोय आणि ही गाढ. मी तिथेच बागेत उभी राहिले. उचलावी की नको, कळेना. शेवटी उचलली नाही.

उठली ती हसतच. इतका वेळ ती कधी झोपलीच नव्हती.

संध्याकाळी फ्रा. हो. ला थोडा शिरा नेऊन दिला. माफी मागितली नाही, तिनेही नाही. शिरा खाल्ला, म्हणाली वेलची जास्त झाली.

रविवार, १८ फेब्रु.

न हलवता झोपली. पायांवरच, पण न हलवता. माझ्या पोटऱ्यांना काय करावं सुचेना.

शनिवार, २४ फेब्रु.

गादीवर नेलं की दचकून उठते. हात अंगावर असला तरी. काल दिवसभर तेच, परवा तेच. नाकीनऊ आले. ह्यांचंही तोंड उतरलेलं. जेवताना म्हणाले, "कुमुदताईंना निदान बोटीतली जागा धरून ठेवायला सांगू." मी वाढायची ते थांबले. मग वाढलं. सांगा म्हटलं.

आज इस्त्रीचे कपडे आवरताना आईची जुनी सुती साडी हाती आली. धुवून धुवून मऊसूत झालेली. बाळंतपणानंतर मी घरात तीच नेसत होते. ती दुमडून पलंगाच्या गादीवर ताणून बसवली, चादर म्हणून. चारूला वर ठेवली. तिने गाल घासला. दोन-तीनदा घासला, हुंगल्यासारखं केलं. आणि माझा हात पाठीवर असताना झोपली.

हे बाहेरच्या खोलीत होते. मी बाहेर आले, दोन्ही हात वर करून दाखवले. मोकळे! ह्यांनी मला कडेने धरून चक्क एक गिरकी घेतली. पाय बधीर होते माझे, पडले असते.

सोमवार, ५ मार्च.

कार्निव्हल. इथल्या लोकांना आज काय होतं कोण जाणे. एरवी जिन्यात पाऊल वाजलं तर आठ्या घालणारे लोक आज ढोल बडवत रस्त्याने. खिडक्या थरथरत होत्या. चारू साडीवर झोपलेली, मी दाराशी बसलेली, हात नाही, काही नाही. एकदा पापणी हलली तेवढीच.

हे म्हणाले, "आता बॉम्ब पडला तरी उठायची नाही." फ्रा. हो. पण तिथेच होती. ती म्हणाली, "पडला तरी मुलं झोपतात. माझा डीटर झोपायचा तळघरात, कपड्यांच्या टोपलीत." ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डीटर म्हणजे तिचा मुलगा, आता कामावर आहे, महिन्याकाठी येऊन जातो. ती कार्निव्हलचे तळलेले गोळे ठेवून गेली.

गुरुवार, १५ मार्च.

दाराबाहेर. आत ठेवते, "झोप हं माझी बाई" म्हणते, दार लोटते. बडबड ऐकू येते. स्वतःशीच काहीतरी सांगत असते, आ-बा-बा, मग बारीक होत जाते, मग नाही. मी पलीकडे कान लावून उभी. ती शांतता काय सुंदर वाटते! क्रिप्पेतल्या शांततेने काटा आला होता, हीच ती.

माझ्या प्रोफेसरांना सांगितलं, एप्रिलपासून पूर्ण दिवस येईन. ते म्हणाले, "बघू." गेनाऊ, अगदी बरोबर, बघाच.

सोमवार, २ एप्रिल.

पहिला दिवस. क्रिप्पेच्या दारात चारूला दिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, मीही नाही. साडीची चादर श्वे. आग्नेसच्या हाती दिली, सांगितलं हिच्या पलंगावर हीच घाला. "बिट्टे, घरची आहे." एवढंच बोलले.

दुपारी झोपली, थोडीशी, पण झोपली.

गुरुवार, ५ एप्रिल.

पाडवा. गुढी नाही, खिडकीत एक डहाळी आणि साखरेची माळ म्हणून साखरेचे खडे दोऱ्यात ओवून. हे म्हणाले चांगला दिवस आहे, जागा आजच पक्की होणार.

आणायला गेले तर चारूचे डोळे सुजलेले. दुपारभर रडली म्हणे. सगळी बाळं उठली तिच्यापायी. श्वेस्टर दमलेल्या. मला आत नेऊन पलंग दाखवला. साडी होती. पांढरीफटक, खळ घातलेली, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. "जरा मळकी होती," त्या म्हणाल्या, "म्हणून मी स्वतः उकळून काढली. आमच्या सगळ्या चादरी उकळतोच."

कौतुकाने दाखवत होत्या हो! मी गाल लावून बघितला. साबण. आई नाही, मी नाही, काही नाही.

सांगायला हवं होतं पहिल्याच दिवशी, की वास जाऊ देऊ नका. पण कसं सांगायचं? ह्या लोकांना आपण मळकट वाटतो की काय, ही धास्ती मनात कायमची बसलेली. न धुतलेली चादर मुद्दाम घाला म्हणायला जीभ रेटली नाही. थँक्यू म्हणून घरी आले.

ह्यांनी पुरणपोळीसारखं काहीतरी करून ठेवलं होतं, वाटाण्याच्या डाळीचं. कुणी खाल्लं नाही.

शुक्रवार, ६ एप्रिल.

सांगितलं. लाज गुंडाळून ठेवली आणि सगळं सांगितलं, वासाचं. श्वे. आग्नेसनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचं नाही का? मी काय मुलीचं वाईट केलं असतं?" रागावल्याच जरा. मला बरं वाटलं, रागावल्या ते.

दुसरी साडी देते म्हटलं. म्हणाल्या, "द्या. पण आज ह्या चादरीवरच बघू. आणि मी थोडा वेळ जवळ बसते. एकीसाठी बसता येत नाही, पण बसते."

आजही रडली. उद्या शनिवार, क्रिप्पे बंद.

मंगळवार, १० एप्रिल.

आणायला गेले तर श्वे. आग्नेस दारातच. लाल हात पोटावर बांधलेले, आणि हसत होत्या! काल थोडी कुरकुर. आज काहीच नाही. नेली, ठेवली, झोपली. "गान्स आलाइन," दोनदा म्हणाल्या, अगदी एकटी. दुसरी साडी कपाटात तशीच घडी केलेली. लागलीच नाही.

जागा पक्की.

चारूला कडेवर घेऊन ट्रामही घेतली नाही, चालत आले. वाटेत तिला सगळं सांगितलं, तू राहणार, तू इथेच राहणार. घरी आल्यावर ह्यांना सांगताना रडले. ह्यांचेही डोळे भरले. फ्रा. हो. ला हाक मारून तिघांनी चहा प्यायला. आज सुखाने लिहिते आहे. टेबलावर बसून!

शनिवार, १४ एप्रिल.

कुमुदताई सांगायला आल्या की सामान बांधून झालं. मी आनंदाने सांगितलं, जागा मिळाली, चारू आपली आपण झोपते.

त्यांनी तर टाळीच वाजवली. "अगं, मग तर प्रश्नच मिटला! मला तेवढीच काळजी होती. तीन आठवड्यांची बोट, केबिनमध्ये हिला पायांवर घेऊन कुठे बसू? आता कुठेही ठेवली की झोपेल पोर. तुझी आईही सुटली."

मी हसले. हे हसले नाहीत. त्या गेल्यावर म्हणाले, "म्हणतात ते खरं आहे."

"ठरलं होतं आपलं. क्रिप्पेने घेतली तर राहील."

"ठरलं होतं. मी मोडत नाही. पण अगं वसू, सकाळी अंधारात उचलून न्यायची, संध्याकाळी अंधारात आणायची. दिवसभर ती पांढऱ्या पलंगात. तिकडे तुझी आई, अंगण, पाळणा, मराठी बोलणारी माणसं. मी तिच्या बाजूने विचार करतोय." आणि मग, "आता तिला जडही जाणार नाही. तेव्हा गेलं असतं."

ह्यात खोटं काय आहे? काहीच नाही. म्हणून तर राग आला.

आईचं पत्रही आजच. पाळण्याच्या दोऱ्या बदलून घेतल्या, रंग दिला, तू नक्की काय ते कळव, माझा जीव टांगणीला लागलाय. बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी आहे. तिने कधी म्हटलं नाही की मला हवी आहे. दोऱ्या बदलल्या एवढंच लिहिलं.

मंगळवार, १७ एप्रिल.

फ्रा. हो. जिन्यात भेटली. तिला सगळं सांगून टाकलं, का कोण जाणे. ती पायरीवर बसली, मीही.

म्हणाली, बॉम्ब वाढले तेव्हा तिने डीटरला खेड्यात पाठवलं होतं, शेतावर, लांबच्या नातेवाइकांकडे. "टोपलीत झोपायचा ना, कुठेही झोपायचा. त्यांनी कळवलं, फार गुणी आहे, रात्री कुणाला त्रास नाही. मला किती बरं वाटलं." लढाई संपल्यावर आणायला गेली. "मला टांटे म्हणाला, मावशी. कितीतरी दिवस टांटेच म्हणायचा. झोपायला मात्र अजिबात त्रास द्यायचा नाही."

मी विचारलं, मग पाठवायला नको होतं असं वाटतं?

ती चिडलीच. "नाही पाठवला असता तर मेला असता. तुमच्यावर कुठे बॉम्ब पडतायत?" उठली आणि जिना पुसायला लागली.

शुक्रवार, २० एप्रिल. कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे.

सुटी. गावातल्या घंटा आज वाजत नाहीत, आज आणि उद्या मुक्या. दुकानं बंद, ट्रामही कमी. इतकं शांत की खालच्या घड्याळाची टिकटिक वर येते.

कुमुदताईंना उद्या सांगायचं आहे. हे म्हणाले, तू म्हणशील ते. खरंच म्हणाले, तोंडदेखलं नाही. त्यामुळे आणखी अवघड झालं.

दुपारी चारूचं जेवण झाल्यावर मला काय वाटलं, मी तिला पायांवर घेतलं. खाली बसून, उशी ठेवून, पहिल्यासारखं. किती लांब झाली आहे, तिचे पाय माझ्या पोटाला लागतात. पावलं हलवायला सुरुवात केली. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, कुतूहलाने, कुणी नवा खेळ काढावा तसं. मग वळवळायला लागली. कुशीवर झाली, पालथी झाली, पलंगाकडे हात केला. मी पावलं जोरात हलवली. ती कुरकुरली. रडली नसती, मीच थांबले.

पलंगावर ठेवली. इस्त्रीच्या चादरीवर. तिने भिंतीकडे तोंड केलं, आ-बा-बा दोनदा म्हटलं. "झोप हं माझी बाई." दार लोटलं.

बाहेर उभी राहिले. इतके दिवस इथेच उभी राहायचे, रडणं थांबावं म्हणून. आज कान लावून उभी होते, एकदा तरी रडावी म्हणून. एकदा हाक मारली असती तर मी उद्या कुमुदताईंना काय सांगायचं ते मला ठरवावं लागलं नसतं. आत काही नाही. घंटाही नाहीत.

हे टेबलाशी होते. म्हणाले, "झोपली?"

"झोपली."

"मग ये ना, बस. बोलू."

येते म्हटलं. पण टेबलाशी गेले नाही. इथेच दाराबाहेर जमिनीवर बसले, पाय पसरून, आणि मांडीवर उशी तशीच राहिली आहे. वही तिच्यावर ठेवून लिहिते आहे. अक्षर असं वाकडं का येतंय म्हणून बघितलं, तर माझी पावलं हलताहेत.